चढत्या रक्तदाबाचा हिशेब

एका दिवसाच्या बाजारभावावरून महागाईचा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण होणार नाही. रावेरला केळीचा भाव आज चढतो, उद्या उतरतो. कापसाचे तेच, तुरीचेही तेच. या चढउतारांतून खरी दिशा ओळखायची तर अनेक दिवसांच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्यांची सरासरी काढावी लागते. बाजाराच्या बाबतीत हा साधा विवेक सर्वमान्य आहे. स्वतःच्या रक्तदाबाच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणूसही तो गुंडाळून ठेवतो. एकदा आकडा जास्त आला की तो घाबरतो, दुसऱ्यांदा कमी आला की निश्चिंत होतो, आणि आकडा मोजलाच नाही तर आपल्याला काही झालेलेच नाही असे मानून चालतो. जळगाव काय किंवा धुळे काय, शाळांच्या शिक्षकखोलीत आणि कचेऱ्यांच्या टेबलांभोवती या तिन्ही समजुती सुखेनैव नांदत असतात. त्यांची किंमत मात्र पुढे त्या माणसाच्या साऱ्या कुटुंबाला मोजावी लागते.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत, १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता, अथवा तो ताब्यात ठेवण्यासाठी त्या औषध घेत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाचा अंदाज असा, की भारतात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांपैकी निदान झालेले सुमारे ३७ टक्के, उपचार घेणारे ३० टक्के, आणि ज्यांचा दाब खरोखर ताब्यात आहे असे अवघे १५ टक्के. शंभरांतील त्रेसष्ट जणांना आपल्याला हा विकार आहे याचाच पत्ता नाही. कर्ज किती आहे हे ठाऊक नसलेला कर्जदार आणि हा रुग्ण यांच्या स्थितीत फारसा फरक नाही; व्याज दोघांवरही चढतच असते.

आकडा का बदलतो?

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात शिल्लक राहणारा दाब म्हणजे खालचा आकडा. १२० वर ८० असे जे म्हटले जाते ते पाऱ्याच्या स्तंभाचे मिलिमीटर होत. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते हे पाहिले व १७३३ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची सुटसुटीत रीत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दिली, आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला श्रवणनळीची जोड दिली. आजही दवाखान्यांतून हीच पद्धत चालते.

हा दाब दिवसभर एकसारखा राहत नाही, तसा तो राहावा अशी अपेक्षाही नाही. गाढ झोपेत तो दिवसाच्या मानाने साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो व पहाटेपासून पुन्हा चढू लागतो. जिना चढताना, रागाच्या भरात, चहानंतर, तंबाखूचा बार भरल्यावर, इतकेच काय, लघवी तुंबवून धरल्यावर किंवा मोजताना गप्पा मारल्यावरही तो वाढतो. कित्येकांचा दाब डॉक्टरांसमोर बसले की चढतो आणि घरी आले की उतरतो. याच्या उलट, दवाखान्यात ठाकठीक दिसणारा दाब घरी सतत जास्त असलेली माणसेही असतात, आणि ती अधिक धोक्यात असतात. कारण त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

शरीराने प्रसंगानुसार दाब वाढवणे-उतरवणे हे आरोग्याचेच लक्षण आहे. विश्रांतीच्या वेळीही जेव्हा सरासरीच वर सरकते तेव्हा विकार सुरू होतो. वेगवेगळ्या दिवशी शांतपणे मोजूनही वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक येत राहिला, तर आपल्याकडे त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. घरच्या मोजणीसाठी ही सीमा १३५ वर ८५ अशी धरतात. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सीमा आणखी खाली, १३० वर ८० पर्यंत आणली. सीमेबद्दल मतभेद असले तरी एका गोष्टीवर दुमत नाही: केवळ डोके दुखते की नाही यावरून रक्तदाब ओळखता येत नाही. बहुसंख्य रुग्णांना वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही. त्या अवधीत मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या व डोळ्यांच्या सूक्ष्म वाहिन्या मुकाट्याने झिजत असतात.

खान्देशातील ऋतूंचा फेरा

दिवसाप्रमाणेच वर्षालाही रक्तदाबाची स्वतःची चाल असते. थंडीत त्वचेजवळच्या वाहिन्या आकसतात व दाब वाढतो. उन्हाळ्यात त्या सैल पडतात, घामावाटे पाणी व मीठ निघून जाते आणि दाब उतरतो. सरासरीने हा फरक ५ मिलिमीटरच्या आसपास असतो. वृद्धांत व औषध घेणाऱ्यांत तो अधिक असू शकतो. ज्या प्रदेशात ऋतूंचे टोक फार लांबलेले असते तेथे ही बाब विशेष ध्यानात ठेवावयास हवी, आणि खान्देश हा तसाच प्रदेश आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर जानेवारीच्या पहाटे धुळ्यात तो १० अंशांच्या बराच खाली उतरतो.

याचा व्यवहारातील परिणाम असा होतो. ऐन उन्हाळ्यात गोळी घेणाऱ्या माणसाला उठताना भोवळ येते. तो दाब मोजतो, तो ११० भरतो. ‘आता बीपी गेले’ असा निष्कर्ष काढून तो गोळी बंद करतो. पावसाळा बरा जातो. दिवाळीनंतर गारठा पडू लागतो, दाब हळूहळू पूर्वपदावर आणि त्याच्याही वर जातो. परंतु काही जाणवत नसल्याने मोजणी होत नाही. पुढे एखाद्या थंड पहाटे तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, शब्द अडखळतो. पक्षाघाताचे हे खापर मग नशिबावर किंवा गारठ्यावर फोडले जाते. खरे कारण सहा महिन्यांपूर्वी बंद केलेल्या गोळीत दडलेले असते.

उन्हाळ्यात भोवळ आल्यास औषधाची मात्रा कमी करणे कधी कधी आवश्यक असते. विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास हा विचार लवकर करावा लागतो. मात्र तो निर्णय नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यावयाचा आहे, आणि थंडी सुरू होताच त्याचा फेरविचार व्हावयास हवा. अक्षयतृतीया आणि दिवाळी या दोन सणांच्या सुमारास आठवडाभर रोज दाब मोजून, ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जाण्याचा प्रघात घराघरांतून पडला, तरी यातील बरेचसे अनर्थ टळतील.

मोजण्याची रीत

नोंद उपयोगी पडायची तर ती शिस्तीने घेतलेली असली पाहिजे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंडावर कपडा नसावा. हात टेबलावर अशा रीतीने ठेवावा की पट्टा हृदयाच्या पातळीवर येईल. मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे, तारीख व वेळ वहीत लिहावी. पहिल्या खेपेस दोन्ही हातांवर मोजावे व ज्या हातावर आकडा अधिक येतो तोच पुढे वापरावा. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र अधिक भरवशाचे असते.

वहीत आणखी एक रकाना असावा: त्या दिवशी दुसरे कोणते औषध घेतले? सांधेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात, हे अनेकांस ठाऊक नसते. पित्तावर पाण्यात फसफसवून घेतलेल्या चूर्णातही सोडियम असते. दाब अचानक का चढला याचे उत्तर पुष्कळदा या रकान्यात सापडते.

ताट तेच, श्रम बदलले

रक्तदाब वाढण्यात आनुवंशिकता, वय, वजन, मद्य, बैठे काम व अपुरी झोप या सर्वांचा वाटा आहे. परंतु ज्यावर घरोघरी आजच इलाज करता येईल असे कारण म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ सुचवले आहे. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो, असे राष्ट्रीय पातळीवरील पाहणीत आढळले आहे.

खान्देशी ताटावर दोष ठेवण्याचे कारण नाही. कळण्याची भाकरी, ठेचा, लोणचे, पापड, बिबडे, शेवभाजी हा आहार उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या गरजेतून घडला. दिवसभर कापूस वेचणाऱ्याच्या किंवा केळीचे घड वाहणाऱ्याच्या अंगातून घामावाटे मीठ जाते व ते भरून काढावे लागते. मात्र गेल्या दोन-तीन पिढ्यांत व्यवसाय बदलले. आजोबा शेतात होते, वडील साळेत शिक्षक झाले, मुलगा पंख्याखाली संगणकासमोर बसला. घाम आटला, ताटातले मीठ मात्र तेवढेच राहिले. उलट फरसाण, वेफर्स, सॉस व तयार मसाल्यांतून त्यात भरच पडली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मीठ हे अलवचीक मागणीचे ठरावीक उदाहरण असते: भाव वाढो की उतरो, खप तोच. ही अलवचिकता जिभेच्या सवयीत आहे. सवय मात्र बदलते; मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जिभेला तेच पुरेसे वाटू लागते.

येथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. सैंधव मिठातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. ते महाग आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते, त्यामुळे पापड चवीला खारट नसला तरी हिशेबात धरावा लागतो. रक्तदाब असलेल्या बैठ्या माणसाने उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे, बिनमिठाचे ताक घ्यावे. मजुराचे पाहून मीठ-साखरेचे पाणी रोज पिण्याचे त्यास कारण नाही.

मिठाला उतारा म्हणून निसर्गाने पोटॅशियम दिले आहे. ते मूत्रपिंडांकरवी जादा सोडियम बाहेर टाकण्यास साहाय्य करते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, चोपडा तालुक्यांची केळी देशभर जातात. शंभर ग्रॅम केळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. दिवसाची गरज साडेतीन हजार मिलिग्रॅमच्या घरात असल्याने एकटे केळे पुरत नाही; पण त्याच्या जोडीला डाळी, पालेभाज्या, टोमॅटो व कमी मिठाचे वांग्याचे भरीत असेल तर बाहेरून काही मागवावे लागत नाही. ज्या जिल्ह्यातून देशाला पोटॅशियम पुरवले जाते त्याच जिल्ह्यातील माणसाने दुपारच्या चहाबरोबर शेव खावी, ही विसंगती दूर करणे फार अवघड नाही.

मिठातील काही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले मीठही बाजारात मिळते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टनसारखी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते वापरू नये. रक्तात पोटॅशियम साचणे जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी केळ्यांबाबतही हाच सल्ला घ्यावा.

मीठ घटवणे, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे, मद्य सोडणे आणि वजन उतरवणे यांपैकी प्रत्येक उपायाने वरचा आकडा काही मिलिमीटरने खाली येतो. वजनाच्या बाबतीत एका किलोमागे साधारण एक मिलिमीटर असा अंदाज आहे. हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण ते एकमेकांत मिळवले जातात. सहा लाखांहून अधिक लोकांवरील १२३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचा दाब १० मिलिमीटरने उतरवल्यास हृदय व रक्तवाहिन्यांचे मोठे आघात सुमारे एक-पंचमांशाने आणि पक्षाघात एक-चतुर्थांशाहून अधिक घटतात, असे त्यात दिसून आले.

औषधाचा हप्ता

तरीही अनेकांना गोळी लागतेच, आणि ती लागणे हा पराभव नव्हे. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० इतका मोजला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाला देता येईल असे परिणामकारक औषध त्या वेळी अस्तित्वात नव्हते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच या गुणाकडे लक्ष वेधले होते. वकिलांच्या लेखाने ते जगाच्या नजरेस आले. पुढे त्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. आज त्याहून सुरक्षित औषधे असल्याने रेसरपिन मागे पडले आहे, आणि सर्पगंधेची पूड स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही आजची नावे तालुक्याच्या औषध दुकानांतही परिचित आहेत. जनऔषधी केंद्रात एका कप चहाच्या किमतीत कित्येक दिवसांच्या गोळ्या मिळतात, आणि सरकारी रुग्णालयांत त्या विनामूल्य देण्याची तरतूद आहे. याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? पक्षाघातानंतरचे रुग्णालय, महिनोन्महिने चालणारे व्यायामोपचार, मूत्रपिंडे निकामी झाल्यास आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, मुलीचे थांबलेले शिक्षण आणि शुश्रूषेसाठी घरातील स्त्रीने सोडलेले काम. शेवटचे दोन खर्च कोणत्याच बिलात दिसत नाहीत.

गोळी का सोडली, असे विचारले की ‘सवय लागेल म्हणून’ हे उत्तर येते. गोळीची सवय लागत नाही. विकार कायम असतो म्हणून ती चालू ठेवावी लागते. विम्याचा हप्ता भरणारा माणूस ‘यंदा काही अपघात झाला नाही, तेव्हा हप्ता बंद करू’ असे म्हणत नाही. औषधाने दाब १३० वर आला, याचा अर्थ औषध काम करीत आहे एवढाच होतो.

समाजाचे उत्तरदायित्व

तथापि सारा भार व्यक्तीच्या शिस्तीवर टाकून मोकळे होणे योग्य नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने व्यवस्था सुधारली तर काय होते हे दाखवून दिले आहे. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्र होता. उपचाराची एकच सोपी रीत, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या उपकेंद्रात गोळ्या, परिचारिका व आरोग्यसेवकांकडे काही जबाबदाऱ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची पाच सूत्रे. नियमित उपचारात राहिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब ताब्यात आला, आणि २०२२ मध्ये या कार्यास संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेकडून पुरस्कार मिळाला. देशाच्या १५ टक्क्यांशी हे प्रमाण ताडून पाहावे.

धुळे व जळगाव या दोन्ही शहरांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे व उपकेंद्रांचे जाळे आहे, आणि तिशीवरील प्रत्येकाची तपासणी हे सरकारी कार्यक्रमाचे उद्दिष्टच आहे. उणीव आहे ती पाठपुराव्याची. साक्री किंवा चोपडा तालुक्यातील उपकेंद्रात एकदा गोळ्या संपल्या की रुग्ण रिकाम्या हाताने परततो व पुन्हा येत नाही. म्हणून जिल्हा परिषदांनी औषधसाठ्याचा आढावा दरमहा घ्यावा, आणि मागील महिन्यात न आलेल्या रुग्णांची यादी आशा कार्यकर्तींच्या हाती द्यावी. त्यासाठी त्यांना रास्त मोबदलाही द्यावा. शाळा, महाविद्यालये, बँका, एस. टी. आगार यांनी दंडाचे एक यंत्र ठेवावे. तीस जणांत वाटला तर त्याचा खर्च एका नाश्त्याहून अधिक होत नाही. विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांना योग्य मोजणी शिकवली, तर आजी-आजोबांच्या नोंदी ठेवणारा एकेक कारकून प्रत्येक घरात तयार होईल.

मार्चअखेरचे ताळेबंद जुळवण्यात, हजेरीपटावरील एकेक नाव पडताळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या वर्गाला नोंद ठेवणे कोणी शिकवावयास नको. दोनशे पानी वहीतील एक पान, आठवड्यातील दहा मिनिटे आणि ताटातील एक चिमूट, एवढीच सुरुवातीची मागणी आहे. रक्तदाब स्वतः होऊन आपली वार्ता देत नाही. ती विचारून घ्यावी लागते, आणि पुनःपुन्हा विचारावी लागते. खान्देशातील शिक्षक व कारकून वर्गाने हा हिशेब येत्या थंडीपूर्वीच हाती घ्यावा.